शंभराला पाच कमी

टण्, टण्, टण्, आणि मग मध्येच एक बसका ठप्प. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चाकाच्या तारा एकेक वाजवत ती जायची, आणि असा ठप्प आला की तिचे बोट तिथे थांबायचे. "ही बोलून न्हाई राहिली," ती म्हणायची. तारेला एक आटा द्यायची, पुन्हा वाजवायची. आवाज शेजारच्या तारांत मिसळला की चाक गरगर फिरवून सोडायची आणि पाठ फिरवून दुसरे काम हाती घ्यायची. चाक सरळ झाले की नाही, ते तिला डोळ्यांनी बघावे लागत नसे.

चाके बांधणाऱ्या बाईचे हात तुम्ही कदाचित पाहिले नसतील. मी ते फार बारकाईने पाहिले आहेत, कारण मला ते आवडत नव्हते.

लातूर तेव्हा नुकतेच जिल्हा झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला होता आणि बाकी सारे गाव कोरडे. माझा नवरा पाण्याच्या सर्वेक्षणात, फिरती लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत. त्याची नांदेडहून इथे बदली झाली, म्हणून मीही इथल्या कॉलेजात कविता शिकवू लागले. तो मोटारसायकलवरून खेडोपाडी जाई, विहिरीत फीत सोडी आणि पाणी किती खाली गेले ते टिपून आणी. रस्ते खडीचे आणि मुरमाचे. नांदेड नाक्यावर चाके बांधणारी एक बाई आहे, हे त्याने पहिल्याच आठवड्यात शोधून काढले. गाव तिला चाकवाली म्हणे, तो अक्का म्हणे. ती माझ्याच वयाची होती. नवरा कोणते नाते लावतो, एवढ्यावर मत्सरी बाईचे समाधान होत नाही. ते नाते त्याने कोणत्या आवाजात उच्चारले, ते ती ऐकते.

दुकान म्हणजे चार पत्रे. आत भिंतीवर निळ्या कोटातला एक फोटो, रोज पुसलेला, आणि त्याच्याखाली तिच्या नवऱ्याची हत्यारांची पेटी. तो सायकलींची चाके बांधायचा. त्याचे हात थरथरू लागले तेव्हा तो सांगायचा आणि ती आवळायची. तो गेल्यावर सांगणारे कुणी उरले नाही, म्हणून ती तारांनाच विचारू लागली.

त्या उन्हाळ्यात पंक्चर शोधायच्या घमेल्यातही पाणी नव्हते. एका रविवारी मी मागच्या सीटवर बसून गेले होते, तेव्हा पाहिले: तिने फुगवलेली ट्यूब गालाशी धरली, डोळे मिटले, आणि ती हळूहळू सरकवत नेली, बाळाची मान धरावी तशी. रस्त्यावरून टँकर गेला तेव्हा थांबली. मग एका जागी थुंकीचे बोट टेकवले. तिथे एक बारीक बुडबुडा आला.

"पाणी न्हाई तर कान हाय," ती म्हणाली. "आयका की, बाई." तिने ट्यूब माझ्यापुढे धरली. मला रबराचा आणि घासलेटाचा वास तेवढा आला.

माझा नवरा हसला. माझ्या कवितेला तो असा कधी हसला नव्हता, रडलाही नव्हता. मी वाचायला बसले की दुसऱ्या कडव्याला त्याचे डोळे मिटत. अक्काची वाक्ये मात्र त्याला पाठ असत, आणि जेवताना ती आमच्या दोघांच्या ताटांमध्ये येऊन बसत.

मग चाकांचे प्रकरण झाले. त्याची मोटारसायकल नव्या सालाची, दिसायला ऐटदार, पण चाके लहान. खडीवर पुढचे चाक दर खेपेला वाकडे होऊन येई. ती म्हणाली, इंजिन नवेच राहू द्या, चाके जुन्या सालाची लावू. ती मोठी असतात, खड्ड्यात बुडत नाहीत. "कंपनीनं साल बदललं, साहेब. रस्त्यानं कुठं बदललं?"

जुन्या सालाची चाके देगलूरच्या भंगारात होती. त्याला त्यातले चांगले-वाईट कळत नव्हते, म्हणून ती दोघे एसटीने देगलूरला गेली. दिवसभर. संध्याकाळी तो परतला तो धुळीने माखून, आणि हात न धुताच सांगत सुटला: अक्काने ढिगातली सगळी चाके वाजवून पाहिली, भंगारवाला तेलुगूत वैतागला, शेवटी तिने दोनच उचलली. जुना आस बारीक आणि नवी जागा रुंद, म्हणून मधली पोकळी भरायला लेथवर एक बुश करून घ्यावा लागला. मी भाकरी थापत होते. त्या दिवशीची प्रत्येक भाकरी कडेला फाटली.

यानंतर मी जे केले ते सांगायला मला अजून संकोच वाटतो. तो निघताना आणि परतल्यावर मी मोटारसायकलच्या मीटरवरचा आकडा पाहू लागले आणि कवितेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहू लागले. मात्रा मोजायची सवय होतीच. चाके बदलण्याआधी मुखेडला जाऊन येण्याचे जितके किलोमीटर भरत, तितके आता भरत नव्हते. हदगावच्या फेरीतही तेच. शंभराला पाच कमी, दर वेळी. म्हणजे जिथे जातो म्हणून सांगतो, तिथपर्यंत तो पोचतच नव्हता. मग कुठे थांबत होता? मत्सराला नकाशा लागत नाही. मला उत्तर नांदेड नाक्यावर दिसले.

एका दुपारी तो फिरतीवर असताना मी वही घेऊन तिच्याकडे गेले. ती उकिडवी बसून भुशाने हात चोळत होती.

"साहेब मुखेडला जातात, की इथेच थांबतात?" मी विचारले. आवाज मी वर्गात ठेवते तसा ठेवला होता.

तिने वर पाहिले. "का वो बाई?"

"मीटर कमी दाखवते."

"किती कमी?"

"शंभराला पाच."

ती उठली. खिळ्यावर टांगलेले आमचे उतरवलेले लहान चाक तिने काढले, कोपऱ्यातले जुन्या सालाचे दुसरे एक मोठे चाक घेतले, दोघांच्या टायरांवर खडूची रेघ ओढली. मग धुळीत दोन्ही चाके शेजारी शेजारी एकेक फेरा फिरवली. मोठे चाक अर्धी वीत पुढे जाऊन थांबले.

"मोठं चाक कमी येळा फिरतं, बाई. मीटरची वायर फुडच्या चाकातून निघती. ती फेरे मोजती, रस्ता न्हाई." तिने खडू पदराला पुसला. "साहेब खरं सांगून राहिलेत. काटा कमी सांगून राहिला. म्या बोलले व्हते त्यांना, घरी सांगा म्हणून. इसरले वाटतं."

तो विसरला नव्हता. चाके बसवली त्या रात्रीचे जेवण मला लख्ख आठवले. "अक्का म्हणाली, आता मीटर..." एवढे तो बोलला होता, आणि "अक्का म्हणाली" हे दोन शब्द कानी पडताच मी ताट घेऊन उठले होते.

ती माझ्या हातातल्या वहीकडे बघत राहिली. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, "हितं थांबतेत, असं वाटलं व्हय? थांबतेत की. च्या पितेत. आन तुमची कविता म्हणतेत."

"माझी?"

"त्या कोरड्या हिरीची. पैलं कडवंच म्हणतेत. फुडचं येत न्हाई म्हणतेत."

माझी कविता त्याच्या तोंडून मी कधीही ऐकली नव्हती. तिने ऐकली होती, आणि एकदा नव्हे. निर्दोष ठरलेल्या त्या बाईचा मला त्या क्षणी जितका मत्सर वाटला, तितका संशयाच्या दिवसांतही वाटला नव्हता.

पुढे पाऊस झाला. नाक्यावरचा रस्ता रुंद होऊन डांबरी झाला, आणि पत्रे निघाले. ती कुठे गेली ते कुणाला धड सांगता येईना. कुणी म्हणे उदगीरला, कुणी म्हणे भावाकडे. आमची बदली पुन्हा नांदेडला झाली. मोटारसायकल अजून आमच्या छपरीत उभी आहे, नवे इंजिन आणि जुनी चाके, दोन्ही आता सारखीच जुनी. मीटर आम्ही दुरुस्त केले नाही. नवरा घरी असला की मी कधी कधी त्याला पहिले कडवे म्हणायला लावते. तो संकोचतो, पण म्हणतो. मी उठून जात नाही.

आणि तो घरी नसला की मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून पुढच्या चाकापाशी बसते. त्या दुपारी मी वही घेऊन निघाले होते, तेव्हा तिने मागून माझे मनगट धरले होते. तळवा भुशाने खरखरीत. मला चाकाजवळ बसवून तिने एक तार वाजवली, मग दुसरी. माझे डोळे भरले होते आणि मी भलतीकडेच पाहत होते. एरवी मला "बाई, आयका की" म्हणणारी ती माझ्या कानाशी वाकली, आणि ते सगळे अहोजाहो सोडून एवढेच म्हणाली:

"आयक."