अस्सलकाकांचा गाल

माझे काका सुऱ्यांना मुठी बसवतात. पाती बाहेरून येतात. मूठ मात्र काकांची, शिसवी लाकडाची नाहीतर शिंगाची. प्लास्टिकची मूठ त्यांना दाखवणं म्हणजे सात पिढ्यांचा उद्धार. ‘अस्सल’ हा शब्द ते इतक्यांदा वापरतात की गल्लीने त्यांचं नावच अस्सलकाका ठेवलं.

कारखाना म्हणजे स्वयंपाकघरामागची खोली. दुपारी खिडकीतून ऊन आत येतं आणि शिसवी भुकटी त्यात इतक्या सावकाश तरंगते की ती काकांच्या नाकात चाललीय याचा विसर पडतो. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की ते चिडत. “लाकूड आहे ते, विष नाही.”

तळव्यांना घट्टे पडल्यामुळे मूठ गुळगुळीत झाली की नाही हे काकांना हाताने कळत नसे. म्हणून ते ती डाव्या गालावरून फिरवत, कानापासून हनुवटीपर्यंत, डोळे मिटून. “हात खोटं बोलेल, गाल बोलणार नाही.”

“एवढ्या वर्षांत माझ्याजवळ कधी असा गाल आणला नाही,” काकू आतून म्हणायची.

मग त्या गालावर पुरळ उठलं. कानापासून हनुवटीपर्यंत लाल पट्टा, रुंदीला मुठीएवढा. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कारण कळलं असतं. काकांनी तपास सुरू केला. पहिला संशय शेजारच्या मांजरावर. पुराव्याअभावी ते सुटलं. मग उशीचा अभ्रा. शेवटी खापर फुटलं काकूच्या साबणावर. गुलाबी, वासाचा साबण, काकूची एकुलती एक चैन.

“त्याच साबणाने टॉवेल धुतेस ना? तेच बाधतंय. सगळं केमिकल!”

साबण हद्दपार झाला. घरातली माणसं, कपडे आणि भांडी एकाच पिवळ्या वडीने धुतली जाऊ लागली. काकूच्या हातांना भांड्यांचा वास येऊ लागला, तरी काकांच्या गालावरचं पुरळ काही जाईना. उलट एके दिवशी डोळाच सुजून मिटला आणि मुठीतलं पात्याचं भोक तिरपं पडलं. तेव्हा कुठे ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे यायला तयार झाले. सोबत काकू आणि मी.

“लाकडाचं काम करता? मग ती भुकटी असेल,” बाई म्हणाल्या.

“छे! लाकूड नैसर्गिक असतं.”

“आणि खाजकुयली कुठल्या कारखान्यात बनते?”

शेवटी ठरलं, ज्या ज्या वस्तूशी संबंध येतो तिचा कण पाठीवर चिकटवून बघायचा. ज्याच्याखाली लाल होईल, ते सोडायचं. ‘सोडायचं’ म्हटल्यावर काका खुर्चीतून उठायलाच लागले. गिऱ्हाईक त्यांच्याकडे यायचं ते शिसवी मुठीसाठीच. तरी पुढच्या खेपेला भुकटीच्या पुडीसोबत त्यांनी काकूच्या साबणाचा तुकडाही न विसरता नेला.

पट्ट्या काढल्या तेव्हा काकू आणि मी त्यांच्या मागे उभ्या होतो.

“साबणाखाली किती लाल आहे?” काकांनी विचारलं.

साबणाखालची कातडी स्वच्छ होती. शिंगाखालचीही. शिसवीखाली मात्र फुगलेला, लालभडक चौकोन. मला वाटलं, आता काकू सगळा हिशेब चुकता करणार. पण तिचं लक्ष काकांच्या हातांकडे होतं. त्यांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती.

“लाल आहे,” ती म्हणाली. “अगदी अस्सल लाल. पण साबणाखाली नाही.”

उरलेलं शिसवी लाकूड सुतार घेऊन गेला. तो जाताना बघायला काका दारात थांबले नाहीत. आता ते फक्त शिंगाच्या मुठी करतात, तोंडाला फडकं बांधून. ओळखीची गिऱ्हाइकं मान हलवून जातात; काही परत येतात. गाल बरा झालाय, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला मुठी लावायची बंदी केलीय. म्हणून मूठ घासून, पुसून झाली की ते ती घेऊन स्वयंपाकघरात येतात.

“जरा बघतेस का?”

काकू सावकाश हात धुते, पुसते. डोळे मिटून मूठ गालावरून फिरवते, कानापासून हनुवटीपर्यंत.

“खरखरीत आहे. परत घासा.”

काका मुकाट्याने परत जातात. परवा दुसऱ्यांदा परत पाठवलेली मूठ मी मधेच घेऊन गालाला लावून पाहिली. काचेसारखी गुळगुळीत होती. तिला गुलाबी साबणाचा वास येत होता.