बिनहळदीचं वरण

१९९८ साली वडील गेले आणि अकराव्या दिवशी मी सायखेडा सोडलं. बंगळुरूच्या एका कॉलेजात वाचनालयात नोकरी लागली होती, आणि हजर व्हायची तारीख पुढे ढकला असं सांगायचा मला संकोच वाटला. आमच्याकडे तेराव्यापर्यंत स्वयंपाकात हळद नाही, फोडणी नाही. तेराव्याला पिवळं वरण आणि गोडाचं जेवण झालं की सगळं पूर्ववत. आई दारात म्हणाली, "दोन दिवस थांबला असता तर काय झालं असतं, भाऊ? पिवळं वरण तरी खाऊन गेला असता." मी पिशवी उचलली. तिने आत हळदीचा डबा ठेवला होता, हे बंगळुरूत कळलं.

मंगल, सख्खी बहीण असूनही हे तुला कधी सांगितलं नाही. तो डबा मी उघडलाच नाही. तेराव्याचं जेवण चुकलं होतं, मग हळद घालायची कशी? भात पांढरा, वरण पांढरं, खाणावळीतली इडलीही पांढरी. चार घासांत पोट भरायचं. हे दुःखामुळे की रंगामुळे, ते समजेना. एका मासिकात वाचलं, की पिवळ्या रंगाने भूक चाळवते. म्हणून पिवळी ताटली आणली. तिच्यात भात आणखीच पांढरा दिसू लागला.

दोन वर्षांनी आई आली. पातेल्यावरचं झाकण काढून म्हणाली, "कोण मेलं हाय रे इथं?"

"कोणी नाही."

मग मी खरं काय ते सांगितलं. ती आधी हसली, मग पदराने डोळे पुसले. "येडा रे येडा! एवढी बुकं वाचतो, अन् जेवायचं कळत नाय. तुझा बाप पिवळं दिसल्याबिगर घास उचलत नव्हता." तिने डबा उघडला, वरण पुन्हा उकळलं आणि समोर बसली. मी तीनदा भात घेतला. भूक हळदीने लागली, की ती समोर होती म्हणून?

२००७ साली आई गेली. या वेळी मी तेराव्यापर्यंत थांबलो. तू सासरहून, गंगापूर रोडवरून येऊन सगळा स्वयंपाक केलास. वरण पिवळंधमक होतं. रीतीत काहीच चुकलं नव्हतं, तरी मी पानाकडे नुसता बघत राहिलो. "दादा, खा ना," तू दोनदा म्हणालीस.

सायखेड्याच्या घराला कुलूप आहे. किल्ली तुझ्याकडे, डबा माझ्याकडे. मी रोज वरणात हळद घालतो आणि जेवतो.