जवाईबापूंनी बोनेट उघडलं

गाडी माझी, हप्ते माझे, वॉरंटीही माझीच. फक्त बोनेट उघडलं जवाईबापूंनी.

झालं असं, की धोंड्याच्या महिन्यात माझी धाकटी बहीण वैशू आणि तिचे नवे कोरे यजमान प्रशांतराव आमच्याकडे वाण घ्यायला यायचे होते. मी त्यांना आणायला गेलो आणि परतताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी मस्त पळत होती. घरी आल्यावर मी एवढंच म्हणालो, "उद्या सर्व्हिस सेंटरले दाखवतो. वॉरंटीत आहे, फुकटात होईल."

एवढंच म्हणालो हो!

"सर्व्हिस सेंटर काहून?" बाबा गरजले. "मिहानच्या कारखान्यात विमानं दुरुस्त करते आपले जवाईबापू! त्याइच्यासमोर तुझा हा डबा म्हणजे काय हाय?"

(डबा! शोरूममधून काढली तेव्हा याच बाबांनी गाडीची दृष्ट काढली होती!)

प्रशांतराव नुसते हसले. आमच्या घरात जावयाच्या हसण्याला होकार समजतात. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. "आई, बाहेरच्या माणसानं हात लावला का वॉरंटी जाते!"

"बाहेरचा माणूस?" आईच्या हातातला अनारसा हातातच राहिला. "धोंड्याच्या महिन्यात जवाई म्हणजे नारायण असते रे! त्याइले नाई म्हणशीन? वैशूले काय वाटन?"

आता साक्षात नारायणाला कोण नाही म्हणणार? मी मुकाट्याने पान्यांची पेटी आणून दिली.

मे महिन्याचं ऊन. जवाईबापूंना त्रास नको म्हणून बाबांनी हॉलमधला कूलर पोर्चमध्ये ओढला आणि नेम धरून इंजिनावर सोडला. (मला याच उन्हात छतावरची टाकी धुवायला पाठवतात. तेव्हा टोपीसुद्धा कोणी देत नाही!) माझी बायको पन्ह्याचा ग्लास घेऊन उभी. प्रशांतरावांनी इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं. मग एक वायर काढली. परत लावली. मग दुसरी काढली. ती परत लावली नाही.

"पाय, पाय!" बाबा इंजिनाकडे बोट दाखवत मला म्हणाले. "शिक जरा काही!"

तासाभराने बोनेट बंद झालं तेव्हा स्टीलच्या ताटलीत मूठभर नटबोल्ट उरले होते.

"हे जास्तीचे दिसते," प्रशांतराव घाम पुसत म्हणाले.

"कंपनीवाले देतेच बाप्पा जास्तीचे," बाबा म्हणाले. आणि पिढ्यान्‌पिढ्या गाड्या बनवणाऱ्या घरातल्यासारखी मान हलवली.

मी किल्ली फिरवली. आधी एकच दिवा होता, आता डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे सगळे लागले! गाडी घरघरली, एक जोरदार शिंक दिली आणि बंद पडली.

"किल्ली बराबर फिरवता येत नाई तुले!" बाबा. माझ्यावर! नारायणाला मात्र दुसरा ग्लास पन्हं!

दुसऱ्या दिवशी गाडी टोइंगवाल्याच्या मागे बांधून शहराबाहेरच्या वाडी भागातल्या सर्व्हिस सेंटरला निघालो. प्रशांतराव आग्रहाने सोबत आले. ट्रकांच्या गर्दीत अडकलो असताना ते हळूच म्हणाले, "दादा, खरं सांगू? मी विमानातल्या सीटाइचे कव्हर बदलवतो. काल मले वाटलं, तुम्ही मले थांबवान."

"अन् मले वाटलं, तुम्हीच थांबान!"

"सासऱ्यासमोर नाई कसं म्हणू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आलाच. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

सर्व्हिस सेंटरच्या माणसाने बोनेट उघडलं आणि एकेक वायर तपासली. "एका सेन्सरची वायर ढिली होती, बस. पाच मिनिटांचं काम होतं. बाकीचं हे सगळं नंतर झालं आहे. कोणी उघडली गाडी?"

मी प्रशांतरावांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. जावयावर आळ घेतल्याची गोष्ट वैशूच्या सासरी पोचली तर काय होईल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"मी उघडली," मी म्हणालो.

"मग वॉरंटी गेली, साहेब. येत नाही तर हात कायले लावता?"

तेवढ्यात मागून नारायणाने सुस्कारा सोडला. "कालपासून मी त्याइले तेच सांगून राहिलो!"

आणि मी, हप्ते भरणारा, वॉरंटी घालवून बसलेला शहाणा माणूस, मान खाली घालून काय म्हणालो असेन? "हाव जी, ऐकाले पाहिजे होतं मी जवाईबापूंचं!"