विरोधात एक नाव

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी समुपदेशक आहे. देहविक्रय करणाऱ्या बायकांना तपासणीसाठी घेऊन एक बाई दर महिन्याला येते. स्वतः तेच काम करते आणि लपवत नाही. नोंदणीच्या खिडकीवर तिच्यासोबतच्या बाईला कुणी ‘ए’ म्हणून हाक मारली, की ती शांतपणे म्हणते, “अहो म्हना, भाऊ.” तो म्हणेपर्यंत खिडकीपासून हलत नाही.

परवा या धंद्यावरच्या कायद्याबद्दल गावातल्या सभागृहात नागरिकांची खुली सभा होती. मी इतिवृत्त लिहीत होते. व्यासपीठावरच्या पाच जणांपैकी एकही अशा बाईशी कधी बोललेला नसावा. छापे वाढवा, बायकांना सोडवून सुधारगृहात ठेवा, असा ठराव वाचून अध्यक्ष म्हणाले, “एकमताने मंजूर.”

ती मागच्या रांगेतून उठली.

“साहेब, माह्या मैत्रिणीले असंच सोडवलं. मर्जीनं काम करनारी बाई, सहा महिने कोंडून ठेवली. तिची पोरगी शेजाऱ्याच्या दारात वाट पाहत बसे. आमाले इचारलं काऊन नाई?”

“ताई, हे तुमच्या भल्यासाठीच आहे,” अध्यक्ष हसत म्हणाले.

त्या हसण्यानं माझं डोकं तडकलं. ती मात्र सरळ माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, एकमत नाई झालं. माह्यं नाव विरोधात लिवा.”

तिनं गावासकट पूर्ण नाव सांगितलं. ‘एकमताने’ खोडून मी ते लिहिलं आणि खाली माझंही. अध्यक्षांनी सही न करताच सभा संपवली.

इथे तिचं नाव मी देत नाही. तिला न विचारता तिचं ठरवणारे आधीच पुष्कळ आहेत.