हिवरा आश्रमाची गाडी लागलेली आहे

इंद्रभानभाऊंचा आवाज म्हणजे चिखली बसस्टँडची जहागीर. उभी नोकरी त्यांनी कंट्रोलरच्या खिडकीत काढली आणि अख्ख्या तालुक्याला गाडीत बसवून वाटेला लावलं. स्वतः मात्र कुठं म्हणून गेले नाहीत. जत्रा आली की जादा गाड्या, जादा गाड्या की डबल ड्यूटी. रिटायर झाल्यावर घरातही ते "जेवण लागलेलं आहे होऽ" असं पुकारायला लागले, तेव्हा बायकोनं, मंजुळाबाईंनी हात जोडले. "या तोंडाले बाहेर कुठीतरी काम पाहा बापा!"

काम सापडलं. गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात वॉर्डावॉर्डांत स्पीकर बसवले होते. दुपारी तासभर गाणी लावायची, पेशंटच्या फर्माइशी वाचायच्या. पगार नाही, चहा मिळेल. भाऊ रोज इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

पण जित्याची खोड जाते थोडीच! एकदा रोहिणखेडच्या कलीमभाईंची फर्माईश वाचता वाचता भाऊंच्या तोंडून निघून गेलं, "बुलढाणामार्गे रोहिणखेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." झालं! आपल्याकडे गाडी लागली म्हटलं की माणूस आधी पळतो, मग विचार करतो. हर्नियाचे टाके घातलेले कलीमभाई सलाइनच्या स्टँडसकट उठले आणि जागा धरायला त्यांनी खिडकीतून टॉवेल टाकला. तो खाली उभ्या असलेल्या डॉक्टर पूनम यांच्या डोक्यावर पडला.

"काका, पुन्हा गाडी सोडली तर रेडिओ बंद," डॉक्टरांनी बजावलं. भाऊंनी कान पकडले.

त्याच सुमारास बायकांच्या वॉर्डात मनकर्णाबाई आल्या. कापूस वेचण्यात गावात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, आत सळई टाकली. आता वॉकर धरून चालायचं, नाही तर कायमचं अंथरूण, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. म्हातारी पाय खाली टेकवेल तर शपथ.

भाऊ फर्माईश विचारायला गेले. "मावशी, कोणतं गाणं लावू?"

"मले नको गाणंगिणं."

"बरं, चालून काऊन नाही राह्यल्या तुमी?"

"चालून जाऊ कुठी? बीटी कपाशीच्या बियाच्या थैलीवर लिहून होतं म्हने, अळी लागत नाही. आता अळीले वाचता येत नाही, त्याले कोन काय करन? सारे बोंडं पोखरले. लेकानं उभी पराटी रोटाव्हेटर घालून मोडली. हाताले काम नाही राह्यलं, मंग पायाले कशाले?"

म्हणताना त्या हसल्या, पण डोळे भरून आले. भाऊंनी फर्माइशींची वही मिटली.

"कामाबिगर कुठी जावं वाटलं नाही का कधी?"

म्हातारीनं बराच विचार केला. "हिवरा आश्रमाच्या जत्रेले. पन ते भरते जानेवारीत, तवाच वेचणी. इतकी जवळ असून एकदाबी जमलं नाही."

"मलेबी नाही," भाऊ बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी माइकसमोर बसल्यावर भाऊंनी दोनदा बटणाकडे हात नेऊन मागे घेतला. रेडिओ गेला तर घरी मंजुळाबाई आहेतच. मग म्हणाले, जाऊ दे तिच्यायला, आणि घसा खाकरला. "चिखलीहून हिवरा आश्रम, जत्रा स्पेशल, महिला वॉर्डाच्या दारात लागलेली आहे. मनकर्णाबाईंनी जागा धरून घ्यावी."

एक भजन लावून ते धावत सुटले. दाराशी डॉक्टर पूनम आधीच उभ्या, कपाळाला आठ्या घालून. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून पाहत होत्या. आणि मनकर्णाबाई, वॉकर धरून, नर्सच्या आधारानं, "आई गंऽ" करत, एकेक पाऊल टाकत येत होत्या. दाराजवळच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर त्या टेकल्या. कमरेचा रुमाल काढून दुसरीवर टाकला.

"मावशी, खरी गाडी नाही हो," भाऊ भीतभीत म्हणाले.

"माहीत हाये मले. पाय मोडला, डोकसं नाही."

"मंग रुमाल कोनासाठी टाकला?"

"तुह्यासाठी. जनमभर लोकायले बसवत राह्यला. आता बस ना बापा."

डॉक्टरांच्या आठ्या कधीच गेल्या होत्या. "काका, उद्या गाडी किती वाजता सोडता?"

भाऊ रुमाल हातात घेऊन बसले. स्पीकरवरचं भजन संपलं, तरी पुढचं गाणं पुकारायला ते उठले नाहीत.