काटा लालावर होता

वर्ध्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत असे. दुसऱ्या मिस्त्र्याने हात लावलेली गाडी आली की आधी पाच मिनिटं त्याचा उद्धार, मग काम. माझी एक खास पद्धत होती. टेप गुंडाळली की तिचं टोक मी आत दुमडून ठेवायचो, म्हणजे पुढच्या वेळी नखाने सहज सुटावी. गिऱ्हाइकांना ते मी मोठ्या कौतुकाने दाखवत असे. आज आठवलं की त्या कौतुकाची चीड येते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझ्या गिऱ्हाइकांत एक सरकारी ओव्हरसियर होते. त्यांचे आईवडील रोहण्याला शेतीवर असायचे. साहेबांनी एक जुनी गाडी घेतली, त्यांच्या घरातली पहिलीच. मी तिला मोठा हॉर्न बसवून दिला आणि निघताना फुकटचा सल्लाही दिला. म्हणालो, "साहेब, हा टेंपरेचरचा काटा लालावर गेला का गाडी तिथंच थांबवजा. एक किलोमीटर बी पुढं नेली त इंजिन जाम होते."

पुढे मे महिन्यात ते सुट्टीवर गावी असताना भर दुपारी वडिलांच्या छातीत कळ आली. साहेबांनी त्यांना गाडीत घातलं, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि वर्ध्याच्या वाटेला लागले. अर्ध्या वाटेत काटा एकदम लालावर गेला. माझा सल्ला आठवून त्यांनी गाडी एका निंबाखाली उभी केली. ऊन असं होतं की दाराच्या कडीलासुद्धा हात लागत नव्हता, मग इंजिन किती तापलंय हे हाताला काय कळणार? त्यांनी विहिरीवरून पाणी आणलं, ओलं पोतं रेडिएटरवर टाकलं. थोड्या थोड्या वेळाने किल्ली फिरवून पाहिली. दर वेळी काटा लालावरच. आई मागून सारखी म्हणत होती, "चाल नं बाबू, चाल नं." हे म्हणत राहिले, "आई, दहा मिनिटं थांब." वडील त्या निंबाखालीच गेले.

हे सगळं त्यांनी मला तेरवी झाल्यावर, गाडी दुकानात आणून सांगितलं. आदल्या संध्याकाळी गाडी ट्रॅक्टरने ओढत वर्ध्याला त्यांच्या घरासमोर आणून ठेवली होती. सकाळी ती चार लोकांनी ढकलत आणली होती. तिची किल्ली फिरवायला त्यांचा हात धजत नव्हता. मी फिरवली. इंजिन माठासारखं गार, आणि काटा सरळ लालावर.

इंजिनाच्या डोक्याला कापसाच्या बोंडाएवढा एक पितळी बल्ब बसवलेला असतो. पाणी तापलं की त्यातून करंट जास्त जातो आणि काटा चढतो. बल्बवरची वायर काढली की काटा खाली आलाच पाहिजे. मी वायर काढली. काटा हलला नाही. म्हणजे बल्ब चांगला होता, वायरच मध्ये कुठेतरी पत्र्याला टेकली होती आणि सगळा करंट तिथूनच जात होता. मी सवयीने मोठ्याने म्हणालो, "पाहू, कोन्या गाढवानं चेपली हे वायर." साहेब स्टुलावर बसून ऐकत होते.

बोटांनी वायर चाचपत मी इंजिनामागच्या पत्र्यापर्यंत गेलो. तिथे हॉर्नचा स्क्रू होता. स्क्रूखालच्या पट्टीत ती वायर चेपली गेली होती. गाडीच्या हादऱ्यांनी वरचं आवरण झिजून आतलं तांबं उघडं पडलं होतं. शेजारी काळी टेप होती, टोक आत दुमडलेली.

मी किती वेळ तसाच वाकून उभा होतो कोण जाणे. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं, मिस्त्री?"

"बल्ब गेलता, साहेब," मी म्हणालो.

"म्हंजे इंजिन तापलंच नव्हतं?"

"नाई."

ते म्हणाले, "मले समजाले पाह्यजे होतं. आई म्हनते थे बरोबरच हाय. म्हनते, तुनं बापाले सोडून गाडी वाचवली."

तिथे माझ्या एका वाक्याची गरज होती. मी भित्रा निघालो. गावभर नाव होईल, दुकान बसेल, याच्यापुढे काही सुचलंच नाही. वायर सोडवली, नवी टेप मारली, चांगला असलेला बल्ब काढून नाल्यात फेकला आणि नवा बसवला. त्यानंतर गार गाडीची किल्ली फिरवताना मला त्यांच्या आईचा 'चाल नं बाबू' म्हणणारा आवाज ऐकू यायला लागला. तो मी कधी ऐकलेलाच नव्हता, तरी यायचा.

साहेब गाडी माझ्याकडेच आणत राहिले. दर वेळी एक वाक्य ठरलेलं, आई अजून गाडीत बसत नाही. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगू. मग प्लग साफ करून, बॅटरीत पाणी घालून गाडी परत द्यायचो.

एकदा मी बसने आलेलं पार्सल घ्यायला स्टँडवर गेलो, तर साहेब आईला घेऊन उभे. "गाडी बाहेर उभी हाय, पन आई यष्टीनंच जाते," असं म्हणून ते चौकशीच्या खिडकीकडे गेले. म्हातारी मला ओळखत नव्हती. विचारलं, "बाबू, आर्वीची गाडी लागली का?" रोहण्यावरून जाणारी ती बस लागली होती. मी तिची पिशवी उचलली, तिला हाताला धरून चढवलं, खिडकीजवळ बसवलं. तिने माझ्या दंडावरून हात फिरवला, "सुखी राह्य." बसमध्ये आम्ही दोघं आणि पुढे एक झोपलेला माणूस, एवढेच होतो. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी खाली उतरलो.

ऐंशीनंतर काही वर्षांनी ती वारली. साहेबांनी गाडी विकायला काढली आणि एकदा तपासून द्या म्हणून माझ्याकडे आणली. तेव्हा मी सगळं सांगितलं. स्क्रू, वायर, टेप, नाल्यात फेकलेला बल्ब, सगळं. मार खायची तयारी होती. खरं तर मला मार हवा होता.

त्यांनी फक्त विचारलं, "आई होती तवा काऊन नाई सांगतलं?"

"भेलो, साहेब."

त्यांनी बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी तिनं मले जवळ बलावलं. म्हने, जाऊ दे बाबू, तुले माफ केलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तिच्या पाया पडून थे माफी घेतली, मिस्त्री. मी घेतली."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. ते मागे सरकले.