बावीस नंबरचं अत्तर

माझ्या हातून आयुष्यात जे गाढवपणे झाले, त्यांतला पहिल्या नंबरचा हा: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सोळा बायकांच्या मनगटांना अमेरिकन व्हिस्की लावली. तेव्हा मी साठीची पोर होते. चष्मा लावला की म्हातारी दिसू, या भीतीनं तो पर्समध्ये ठेवायची, आणि अत्तरातलं आपल्याला फार कळतं असा एक ताठाही होता.

ती व्हिस्की आमच्या भावोजींची. आमचे भावोजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, हे अख्ख्या हैदराबादेतले सगळ्यात कमी पिणारे दारूबाज आहेत, हे मी मलकपेठच्या कुठल्याही चौकात उभी राहून सांगेन. आठवड्याला एक चमचा, तोही रविवारी सकाळी अकराला, आंघोळ-पूजा आटोपून. लेक केंटकीत. ती येताना तिकडच्या लहान लहान भट्ट्यांतले नमुने आणते, तोळा-तोळाभर. मक्याची व्हिस्की ती बोर्बन, त्यातलं कुठलं निळ्या मक्याचं, कुठलं धुरावलेलं. कुठली राय, म्हणजे त्या नावाच्या तिखट धान्याची व्हिस्की, गोड पाकाच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली. नमुन्याच्या बाटल्यांची झाकणं गळतात म्हणून भावोजी नामपल्लीच्या प्रदर्शनातून डझनानं अत्तराच्या कुप्या आणतात, एकेक नमुना त्यांत ओततात आणि वर नंबराची चिठ्ठी डकवतात. नोकरी पाणीपुरवठ्यात झालेली, त्यामुळे पाण्याचाही हट्ट. कोठीच्या बाजारातून आणलेल्या ड्रॉपरनं तीन थेंब, तेही मंजिरा नदीच्या पाण्याचे. "कृष्णेचं पाणी रायला चालेल वहिनी, बोर्बनला नक्को," असं ते मला गंभीरपणे सांगत आणि मी पदर नाकाला लावून पळत असे. एकदा आमच्या ह्यांनी तो चमचा एका घोटात संपवला आणि "कडक आहे" एवढंच म्हणाले. सहा महिने सख्ख्या भावाला रविवारचं बोलावणं नव्हतं.

खरं नाक मात्र माझ्या धाकट्या जावेचं. ती एक थेंब जिभेला लावायची नाही. भाजी निवडता निवडता पेला नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि बोलायची. भावोजी ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्यायचे. "सुंठेच्या चहात कुणीतरी पेन्सिल तासलीय," हे पाच नंबरच्या रायबद्दल. निळ्या मक्याच्या बोर्बनबद्दल, "पावसात भिजलेलं दप्तर, आत विसरलेला गूळ." आठ नंबरवर तर तिचा रागच होता. "सुई टोचण्याआधी नर्स कापूस फिरवते ना, तो वास. हौ, हसा तुम्ही! फेका म्हणते मी." भावोजी म्हणायचे, त्यात जर्दाळू आहे. ती म्हणायची, जर्दाळू तुमच्या डोक्यात आहे. तो एक चमचा तीन नमुन्यांत वाटून भावोजी तीन पेले मांडायचे; अकराचं ऊन त्यांतून आरपार जायचं, भिंतीवर तीन मधाळ डाग हलत राहायचे, आणि ही दोघं कधी न पाहिलेल्या मक्याच्या शेतांवरून भांडत बसायची. मी दारातून बघायची. दुपारच्या झोपेत घंटी वाजावी आणि ती स्वप्नातच वाजतेय असं वाटावं, तसं ते घर रविवारी असायचं.

बावीस नंबर आला तेव्हा ती अंथरुणावर होती. "आज डोकं दुखतंय, उद्या बघते," म्हणाली. तो उद्या काही आला नाही. वहीत बावीसच्या पुढची ओळ कोरी राहिली. भावोजींनी ती कुपी उघडलीच नाही. ती भट्टीही पुढं बंद पडली, दुसरा थेंब मिळायची सोय नव्हती.

दोन वर्षांनी मी हळदीकुंकू पुन्हा सुरू केलं, जाऊ करायची तसंच तिच्याच दिवाणखान्यात. भावोजी पडद्याआड आतल्या खोलीत बसले होते. मी प्रदर्शनातून खसाचं अत्तर आणलं होतं. दुकान तेच, कुपी तीच. ठेवली कुठं? भावोजींच्या कुप्यांच्याच शोकेसमध्ये. ऐन वेळी बिनचष्म्याची मी हात घातला, बूच काढलं, हुंगलं आणि ऐटीत म्हणाले, "हे जरा वेगळं आहे बरं का. यात जुनं लाकूड मुरवतात."

"अय्यो वदिना, किती चल्लगा लागतंय!" शेजारच्या तेलुगू बाई गार मनगट गालाला लावत म्हणाल्या. वकिलीणबाईंना सासऱ्यांच्या शेरवानीचा वास आला. "छे हो, नानकटाईचा डबा," दुसरी म्हणाली. एक मास्तरीण डोळे मिटून म्हणाली, "शाळेत बाकावर डोकं ठेवून झोपायचे मी. ते बाक." सगळ्या मनगटं नाकाशी धरून तावातावानं बोलत होत्या. वाणाच्या वाट्या बाजूलाच राहिल्या.

त्या गेल्यावर आवरायला लागले तर खसाची कुपी भरलेली. रिकामीवरची चिठ्ठी चष्मा लावून वाचली: बावीस. जावेच्या तोंडून यायची राहिलेली ती ओळ मी पदराला पुसून टाकली होती.

भावोजींपुढं कुपी ठेवली. त्यांनी ती खिडकीशी धरली, मग नाकाशी. बराच वेळ. मग वही काढली.

"वहिनी, शेरवानी कोण म्हणालं?"

"वकिलीण."

"आणि बाक?"

मला अकरा जणींचं आठवलं. उरलेल्या पाच जणींना त्यांनी मला फोन करायला लावले. काय बहाणा करणार? "अत्तर कसं वाटलं?" म्हणून विचारत बसले, दुकानदारीण असल्यासारखी. बावीसच्या पुढची जागा भरली, समास भरला, मागचं पानही निम्मं भरलं. भावोजींनी पेनाला टोपण लावलं, शोकेस उघडलं आणि अजून जवळजवळ भरलेली आठ नंबरची कुपी माझ्या हातात ठेवली.

"पुढच्या संक्रांतीला ही लावा वहिनी. भांडायला तरी येईल ती."